हिनाकोला दिलेले अंग

वीणा आमच्या मागच्या गल्लीत राहत होती. बंगळूरला जयनगरच्या बाजारात साडीच्या एका दुकानात कामाला जायची. गिऱ्हाईक बायकांना ती घडी मोडून, पदर खांद्यावर टाकून दाखवायची, तेव्हा त्यांना कल्पना नसायची की हीच मुलगी, आडव्या झोपलेल्या माणसाच्या पोटावरच्या लिंबाच्या पट्ट्याने दोन फोडी करून दाखवते. पोटाला ओरखडाही न येता.

पट्टा म्हणजे लांब, लवचिक पात्याची तलवार. तिची मूठ लोखंडी आवरणाच्या आत असते आणि ते आवरण कोपरापर्यंत येते. वीणाचे वडील पिराजी यांनी तो निपाणीजवळच्या आपल्या गावाहून आणला होता. तिथल्या तालमीची रीत अशी, की वस्तादाने आपला पट्टा दसऱ्याच्या शस्त्रपूजेला पुढच्याच्या हाती द्यायचा. आधी त्या पुढच्याने गावच्या चार जाणत्या माणसांसमोर खेळून दाखवायचे. पिराजींना तो असाच मिळाला. पुढे पोटासाठी ते बंगळूरला आले आणि एका कारखान्याच्या फाटकावर नोकरीला लागले. गल्ली त्यांना पिराजीअण्णा म्हणायची. वस्ताद म्हणणारे आम्ही दोघे-तिघे मराठी म्हातारेच.

रविवारी ते देवळामागच्या मैदानात मुलांना लाठी शिकवत. मुले यायची, शाळेच्या परीक्षा जवळ आल्या की यायची बंद व्हायची. त्यांचा स्वतःचा मुलगा सुरज एक दिवसही टिकला नाही. टिकली ती वीणा. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला पिराजींना झटका आला आणि त्यांची डावी बाजू जड झाली. त्यानंतर त्यांनी जाहीर केले की येत्या दसऱ्याला पट्टा वीणाला देणार.

गावाहून आप्पाजी म्हणून त्यांचे जुने जोडीदार आले होते. ते म्हणाले, "पिराजी, पोरगी उद्या लगीन करून जाईल. पट्टा कुणाच्या घरी जायचा मग?"

"तिच्या घरी. तुला काय अडचण?"

"गावची माणसं काय म्हणतील?"

"त्यांना बघायला बोलव. बघून झाल्यावर काय म्हणायचं ते म्हणू दे."

त्या दिवसापासून वीणा पहाटे गच्चीवर सराव करू लागली. दसरा हा तिच्यासाठी आता सण राहिला नव्हता. ती त्याच्याकडे परीक्षेसारखी बघत होती, आणि मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी स्वतःसाठी हवे होते.

त्याच वर्षी शुभंकर आला. पुण्याचा, पंचविशीतला. त्याने महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वीणाचा खेळ पाहिला होता. हेब्बाळच्या तळ्याकडे त्याची कंपनी होती, आणि जपानमधल्या एका व्हिडिओ गेमची चित्रे काढण्याचे काम त्या कंपनीला मिळाले होते. तिथे ते महाग पडते, म्हणून इथे. पिराजींच्या ओसरीवर बसून त्याने सगळे समजावले. शंभर वर्षांनंतरचे शहर, अर्धे पाण्याखाली गेलेले. लोखंडी माणसांचे राज्य. आणि त्यांच्याशी तलवारीने लढणारी एक मुलगी, हिनाको. ही हिनाको जपानची खरीखुरी गायिका होती, लहान वयात खूप नाव झालेली. गेममध्ये ती गात गात लढणार होती.

"मग तिलाच लढू दे की," पिराजी म्हणाले.

"अण्णा, तिला तलवार पकडता येत नाही. काही शॉट्स जपानहून आलेत, पण उड्या, गिरक्या, पडणं हे सगळं इथे शूट करायचंय. मग आमचे आर्टिस्ट एकेक फ्रेमवर तिचं चित्र काढणार. फेस तिचा, आवाज तिचा. फक्त मूव्हमेंट वीणाताईंच्या."

"तलवार आमची पोरगी फिरवणार. मग ती काय करणार?"

"ती हसणार, बाबा," आतून वीणा म्हणाली.

पिराजी खूप हसले. झटक्यानंतर मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते. त्यांनी होकार दिला, पण एकटी मुलगी इतक्या लांब नको म्हणून मला सोबत जायला सांगितले. मी रिकामाच होतो.

हेब्बाळला एका मोठ्या शेडमध्ये भिंत आणि जमीन पांढरी रंगवली होती. वीणाला काळे घट्ट कपडे घालून सांध्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत. हातात लाकडी जपानी तलवार. रोज सुरुवातीला ती जमिनीला हात लावून कपाळाला लावायची, आणि तेवढा वेळ कॅमेरावाला गप्प उभा राहायचा. ती तलवार दोन्ही हातांनी धरायची असते. वीणाला एका हाताची सवय, त्यामुळे पहिले काही दिवस ती चुकली. मग जमले. एक जपानी साहेब खुर्चीत बसून असत. तिची गिरकी पाहून ते उठून उभे राहिले आणि वाकले. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "काका, दुकानात मला कुणी एवढं नीट बघितलं नाही कधी. हे लोक एकेक बोट बघतात."

शेवटी पडण्याचे काम राहिले. खेळणारा हरला की हिनाको गच्चीच्या कडेवरून मागे कोसळते आणि तलवार तिच्या हातातून सुटते. त्यासाठी कमरेएवढा लाकडी ओटा केला होता. खाली जाड गादी होती, पण तीत अंग रुतते आणि शरीराची कड दिसत नाही, म्हणून ती काढून पातळ घातली.

वीणा पडली, पण तलवार सुटली नाही. पुन्हा पडली, तरीही नाही.

"वीणाताई, रिलीज करा ना हातातून," शुभंकर म्हणाला.

"करते हो. होत नाही."

"लाकडाची आहे ती!"

"मला कळतंय. हाताला कळत नाही."

मला ते कळत होते. पिराजींच्या शिकवणीत पाते भुईला लागू द्यायचे नाही. ज्याचे लागले, तो पोरगा त्या दिवशी बाजूला बसायचा, मग तो कितीही रडो. तोल गेला तर शस्त्राचा हात वर ठेवायचा आणि मोकळ्या हाताने अंग सावरायचे. वीणा सात वर्षांची असल्यापासून हेच करत आली होती.  पण हे खुर्चीतल्या साहेबांना मी काय सांगणार?

दुपार झाली होती. वीणा दमली होती. "एक लास्ट टेक," शुभंकर म्हणाला. तिने मान हलवली, ओट्यावर चढली, मागे झुकली आणि गेली. आधी पडताना तिने डावा हात सोडला होता; या वेळी तिचे दोन्ही हात मुठीवर घट्ट होते. तलवार वर गेली, तिच्याबरोबर दोन्ही हातही वर गेले, आणि अंग सावरायला एकही हात उरला नाही. मान आधी पातळ गादीवर आदळली. सगळे अंग खाली आले, तेव्हाही तलवार वरच होती.

"कट," कुणीतरी म्हणाले. 

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की मानेतली शीर दबली आहे. चालता येईल, जीव वाचला. उजव्या हाताची पकड मात्र येईल तेवढी येईल. शुभंकर व्हरांड्यात उभा राहून रडत होता. कंपनीचे दुसरे कुणी आले नाही. जपानी साहेबांनी फुले पाठवली.

दसऱ्याला आप्पाजी गावची माणसे घेऊन आले. पिराजींनी त्यांना दारातच सांगितले, "औंदा न्हाई." पट्ट्याची पूजा झाली आणि तो पुन्हा खुंटीला गेला. वीणा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

पुढचे वर्षभर ती हाताला मेहनत देत होती. रबरी चेंडू दाबायची, गरम पाण्यात बोटे बुडवायची. पट्ट्याच्या आत हात घालून उभी राहायची. आतली आडवी मूठ तिच्या बोटांत थोडा वेळ राहायची आणि पाते खाली झुकायला लागायचे. भुईला टेकण्याआधी पिराजी आपल्या धड हाताने ते धरायचे. साडीच्या निऱ्याही तिला धरता येईनात, तेव्हा दुकान सुटले. शेजारच्या कानडी राजलक्ष्मीअक्का विचारायच्या, "स्वल्प बरं आहे का गं?" आणि वीणा कानडीतच हो म्हणायची, "सरी अक्का, आहे बरं."

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात शुभंकर गेम घेऊन आला. मित्राचे गेमचे यंत्र मागून त्याने पिराजींच्या टीव्हीला जोडले. गाणे सुरू झाले आणि पडद्यावर लाल केसांची पोरगी गच्च्यांवरून धावू लागली. पहिल्या गिरकीलाच पिराजी म्हणाले, "ही वीणा."

वीणा भिंतीला टेकून बसली होती. 

"जपानमध्ये तिचं पडणं खूप आवडलंय लोकांना," शुभंकर हळूच म्हणाला. "तलवार वर ठेवून पडते ना. आम्ही तोच टेक घेतला."

"आवडलं?" पिराजींनी विचारले. 

सुरजने बटणे हातात घेतली. लोखंडी माणसे चालून आली.

"मागं सर!" पिराजी ओरडले. "अरे मागं सर म्हणतो न्हवं, उजवीकडं बघ!"

"बाबा, हे तालमीसारखं नसतं."

"मग कशासारखं असतं? तिला मारतायत की!"

हिनाको कडेवरून गेली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले. मग तिने पडद्यावर हसून जपानीत काहीतरी म्हटले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. सुरज पुन्हा खेळला. ती पुन्हा गेली.  तालमीत कधी न टिकलेला तो मुलगा रडवेला होऊन बटणे दाबत होता आणि पिराजी जड जिभेने त्याला डाव सांगत होते, जणू या एका खेळीत तिला वाचवले की सगळे परत येणार होते.

ती आणखी एकदा पडली.

"ती लगेच उठते," वीणा म्हणाली. तिने उठून डाव्या हाताने टीव्हीची पिन काढली.

त्या दसऱ्याला आप्पाजी आले नाहीत. त्यांचा निरोप आला की तालमीत एक चांगला पोरगा तयार होतोय, काय करायचे ते पिराजींनी सांगावे. पिराजींनी उत्तर दिले नाही. दोन दिवस ते जेवलेही नाहीत. मग पूजेच्या सकाळी वीणाच म्हणाली, "पाठवा, बाबा. भिंतीवर गंजेल."

"तू सांगतेस?"

"मीच सांगायला पाहिजे ना. तुम्ही मलाच देणार होतात."

पिराजींनी पट्टा खुंटीवरून काढला, तिच्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला, आणि थोड्या वेळाने परत घेतला. सुरज तो घेऊन दुपारच्या गाडीने निपाणीला जाणार होता. मी प्रसादाला गेलो तेव्हा वीणा ओसरीवर बसून पट्ट्याला जुने धोतर गुंडाळत होती. दोरी तिच्या बोटांतून सारखी निसटत होती.

"काका, जरा गाठ मारता?" ती म्हणाली.

मी गाठ मारली. तिने ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून पुन्हा मारायला लावली, आणि बोचके सुरजच्या खांद्यावर दिले.