सहा शंकरपाळ्यांचे मोजे

मोजे पहिल्यांदा घातले त्या सकाळी खोलीत आम्ही पाच जण होतो. मी, माझी सासू, गिरणीतून पाळी करून आलेले आमचे हे, शेजारच्या खोलीतली मावशी आणि माझी मुलगी, आठ वर्षांची. त्यातली आज मी एकटीच उरलेय.

मुलगी तीन वर्षांची असताना ताप येऊन तिचा डावा पाय गेला. पाय होता, पण काठीसारखा बारीक, आणि सदा थंडगार. लालबागच्या उकाड्यातसुद्धा हात लावला की बर्फ. इस्पितळातून तिला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला, गुडघ्यापर्यंत. तो घातला की चालायची. पण पट्टी उघड्या पायाला काचायची, म्हणून मोजा पाहिजे, आणि पाय थंड म्हणून लोकरीचा पाहिजे.

शेजारची मावशी परळच्या इस्पितळात आया होती. नर्सबायांचं बघून विणकाम शिकलेली. तिनं मला चार सुया दिल्या, एक जुना स्वेटर उसवून लोकर दिली, लाल आणि पांढरी. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, पण टाके मोजायला तेवढं पुरतं.

सासू मालवणीत बोलायची. "ह्या मुंबयत लोकरीचे मोजे? माका घामान जीव जाता, नि तू पोरीक लोकर घालतंस!"

मावशी म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी नाय विणत ती. तुम्ही आपली तपकीर ओढा."

मावशीनं दाखवलं ते अजून हातात आहे. पोटरीच्या मागे मधोमध एक टाका सरळ खाली न्यायचा. त्याच्या दोन्ही अंगाला दोन-दोन टाके एकात घ्यायचे, एका अंगाचा उजवीकडे कलेल, दुसऱ्या अंगाचा डावीकडे. म्हणजे मोजा घोट्यापर्यंत निमुळता होतो आणि पुढची नक्षी मोडत नाही. नक्षी शंकरपाळ्यांची होती. दहा टाक्यांची एक शंकरपाळी. उजव्या पायाला साठ टाके लागले, डाव्याला चाळीस. तसेच विणले. डावा अगदी कातडीसारखा बसला.

मुलीनं दोन्ही मोजे मांडीवर घेतले आणि बोट ठेवून मोजलं.

"आई, ह्याच्यावर सहा, आणि ह्याच्यावर चारच?"

"तो पाय बारीक आहे ना, बाळा."

"मग सगळ्यांना कळणार."

तेव्हा चाळीत संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. आमचे हे मोर्च्याला जायचे. मुलं सकाळी प्रभातफेरी काढायची, झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, ओरडत नाक्यापर्यंत जाऊन यायची. हिला त्यात चालायचं होतं. मागची दोन वर्षं ती गॅलरीतून ओरडत होती.

मी डावा मोजा उसवला. पुन्हा साठ टाके घातले आणि सहा शंकरपाळ्या काढल्या. मावशी ड्युटीवर होती. तिला विचारलं नाही. मोजा सैल झाला, तर आत भरायला काय? आमचे हे गिरणीतून वेस्ट आणायचे, सुताचा गुंता, यंत्र पुसायला असतो तो. घराघरात असायचा. भांडी पुसा, स्टो पुसा, उशीत भरा. मी त्यांना म्हटलं, जरा स्वच्छ बघून आणा. त्यांनी डब्यात भरून पांढरा पांढरा आणला. मी तो पायाभोवती गुंडाळला आणि वरून मोजा चढवला.

पाय भरलेला दिसायला लागला. दोन्ही पोटऱ्या सारख्या.

मावशीनं बघितलं तेव्हा म्हणाली, "अगं, आत घडी पडेल, पायाला काचेल. दोन पाय वेगळे, तर दोन मोजे वेगळे."

मी म्हटलं, "राहू दे मावशी. आज तरी राहू दे."

फेरीत ती सगळ्यांच्या मागे होती, पण चालली. नाक्यापर्यंत आणि परत. एक बाई म्हणाली, कुठला पाय तो कळतच नाही हो. मला इतकं बरं वाटलं. ते बरं वाटणं मी विसरले नाही अजून.

त्यानंतर ती रोज तोच मोजा घालायची. "टोचतं का गं?" मी विचारायची. "नाही गं." काढायला गेले तर म्हणायची, मी मोठी झाले, मी काढीन. मला वाटलं, पोर शहाणी झाली. मी बघितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तिचं तोंड उघडेना. मावशीनं आधी मोजा उतरवला. वेस्ट जखमेला चिकटलेला. त्यात लोखंडाचा बारीक कीस होता. मावशीनं मुलीला उचललं आणि चालत इस्पितळात नेलं.

धनुर्वात म्हणाले. आवाज नको, उजेड नको. मी दाराबाहेर बाकावर बसायची. हात रिकामे राहीनात, म्हणून मावशीनं सुया आणून दिल्या.

मी म्हटलं, "चारच होतात मावशी. तिला सहा पाहिजेत."

ती म्हणाली, "मग सहाच कर. शंकरपाळी लहान कर. दहाच्या जागी सहा टाक्यांची. उरलेले चार मागे साधे."

एवढंच होतं. सहाही बसल्या असत्या आणि मोजाही बसला असता.

मी टाचेपर्यंत आले, पावलाचं संपवलं. बोटांकडचे टाके कमी करायचे राहिले होते, तेव्हा मुलगी गेली.

बाराव्यानंतर सासूनंच सुया माझ्या पुढ्यात ठेवल्या. "अर्ध्यार ठेव नको गो," म्हणाली. मी दोन-दोन टाके एकात घेत मोजा बंद केला.

वेस्ट यांनी आणलेला, भरला मी. ते मला कधी बोलले नाहीत, मी त्यांना बोलले नाही. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळभर दिवे होते. हे आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दार लोटून घेतलं. गिरणीतून वेस्ट मात्र पुन्हा कधी आणला नाही त्यांनी.

तो मोजा आहे माझ्याकडे. एकच.

तुम्ही कुणासाठी विणत असाल तर दोन्ही पाय मांडीवर घेऊन मोजा. आणि मूल दुखत नाही म्हणालं, तरी मोजा उतरवून बघा.