मेहुण्याचा गुलाब

भिंगकाकांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून तीस वर्षं फोटोंतल्या पुढाऱ्यांच्या गालांवरच्या चामखिळी पुसल्या. मग उतारवयात त्यांना खोटे फोटो पकडायचं काम मिळालं, यात नवल कसलं! चित्र यंत्राने बनवलंय का, आणि कोणत्या यंत्राने, हे ते नुसत्या भिंगाने सांगत. "हे फुकटातलं ॲप, सगळे दवबिंदू एका मापाचे. हे विकतचं. पानांच्या शिरा बघा, कशा विंचरून बसवल्यात!"

संपादकांना मात्र संगणकाचा भारी सोस. त्यांनी बनावट फोटो ओळखणारा प्रोग्राम आणला आणि काकांना सुनावलं, "बागेच्या स्पर्धेचे फोटो तुम्हीही तपासा, तोही तपासेल. हरलात तर खुर्ची सोडायची."

बाकी सगळं जुळलं, अडलं एका गुलाबावर. प्रोग्राम म्हणाला अस्सल, काका म्हणाले बनावट. मग त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला. सख्खा मेहुणा! त्याच्या कुंडीत आजवर गवतसुद्धा धड उगवलं नव्हतं.

"पुरावा?" संपादकांनी विचारलं.

"फोन लावतो. ऐका तुम्हीच."

"भावोजी! पहिलं बक्षीस ना?" मेहुणा खुशीत होता.

"बक्षीस राहू दे. तुझा गुलाब फुकटातल्या ॲपचा आहे, असं लिहून देतोय मी."

"फुकटातलं? तोंड सांभाळून बोला! दर महिन्याला पैसे मोजतो मी. सगळ्यात महागडं घेतलंय!"

काकांनी फोन ठेवला. खुर्ची वाचली. पण संपादक गप्प बसतील तर ना! "कोणतं यंत्र, ते मात्र चुकलं हं तुमचं. विकतचं निघालं."

"विकतचंच आहे ते, पहिल्या नजरेत कळलं. पण तसं म्हटलं असतं, तर त्याने बागेत उभं राहून गुलाब खराच आहे अशी शपथ घेतली असती. खोटारडा म्हटलेलं चालतं हो त्याला, कंजूष म्हटलेलं नाही."

घरी बातमी काकांच्या आधी पोचली होती. काकू दारातच उभ्या. "माझ्या भावाला फुकट्या म्हणालात?"

"आणि त्याने खोटा फोटो पाठवला, त्याचं काय?"

"ते बघू नंतर. आधी फुकट्या मागे घ्या. छापून!"

दुसऱ्या दिवशी निकालाखाली ओळ आली: 'एक गुलाब बाद. अत्यंत महागड्या यंत्राने बनवलेला.' मेहुण्याने ते कात्रण चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलंय. मी स्वतः पाहून आलोय.