म्हशीचा दगड

दशरथ चुरी मास्तरांनी उभ्या नोकरीत एकाही पोरावर छडी उगारली नाही. सगळा राग त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो माणूस पुण्यात राहत होता.

सुरुवात झाली ती बावन्न साली. चिखल्याच्या गणू तांडेलच्या जाळ्यात समुद्रातून एक काळा दगड आला. कमरेएवढा उंच, वर निमुळता, आणि मूठ जाईल एवढं आरपार भोक. गणूने तो बैलगाडीत घालून डहाणूला मास्तरांच्या अंगणात आणून टाकला. जुन्यापान्या वस्तूंचं वेड असलेला माणूस पंचक्रोशीत तो एकच. मास्तरांना आठ दिवस जेवणाची शुद्ध राहिली नाही. हा जुन्या गलबताचा नांगर आहे, एके काळी इथे दूरदेशीची जहाजं थांबत, असा चार पानी लेख लिहून त्यांनी पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाला पाठवला. तो छापूनही आला.

मग आले प्राध्यापक निगुडकर. बंदरांच्या इतिहासात त्यांचा शब्द शेवटचा. सकाळच्या गाडीने आले, दगडाभोवती एक फेरी मारली, अहिल्याबाईंनी तळलेली पापलेटं चवीने खाल्ली आणि दुपारच्या गाडीने गेले. पुढच्या अंकात त्यांनी लिहिलं, 'कोळ्याने म्हैस बांधायचा दगड दाखवला, मास्तरांनी त्याला गलबत बांधले.'

झालं! स्टेशनवरचा तिकीटबाबूसुद्धा विचारू लागला, "काय मास्तर, म्हैस दूध किती देते?" मास्तरांचं उत्तर त्रैमासिकाने छापलं नाही, आणि त्यानंतर त्यांचा एकही लेख छापला नाही. हे मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. "माझ्या घरचं खाऊन गेला आणि माझंच नाक कापलं," असं ते अहिल्याबाईंना रोज ऐकवत. पापलेटाचं त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

चिडला गणूही. एकदा किनाऱ्यावर जाळं सांधता सांधता तो म्हणाला, "तो पावना नुसता भवती फिरला. भोकात बोट नाय घातला. आमी नांगराचा दगड घेतो तवा पयला आत बोट फिरवतो. धार असंल तं दोर कापतो, न् होडीच जाते. बोट घातला असता तं कळला असता त्याला."

मास्तर कित्येक वर्षांनी हसले. निगुडकर भोकात बोट घालत नाहीत! तिथून ते तडक मसोलीला सुक्या पाथरवटाकडे गेले.

सुक्याने तशाच काळ्या दगडातून पहिल्याचा जुळा भाऊ घडवला. भोकाच्या आत वरच्या अंगाला, डोळ्यांना दिसणार नाही पण बोटाला लागेल अशा जागी, मास्तरांनी त्याला म्हशीचं तोंड कोरायला लावलं, शिंगांसकट. हा दगड सुक्याने घडवला असं कागदावर लिहून त्यांनी छप्पन्न सालची तारीख घातली, खाली सुक्याचा अंगठा घेतला आणि कागद ट्रंकेत ठेवला. दगड गणूने खाडीच्या तोंडाशी बुडवला. त्याला ते रुचलं नव्हतं. "मास्तर, दगडाला खोटं बोलायला लावताव," एवढंच तो म्हणाला.

सहा वर्षं मास्तर मोठ्या ओहोटीला जाऊन तो दगड बघून येत. त्याला शेवाळ धरलं, कालवं चिकटली. पोरांना पाढे घोकायला लावून मास्तर खुर्चीत बसत आणि मनात निगुडकरांच्या फजितीची वाक्यं जुळवत.

बासष्ट साली कळलं की निगुडकर बंदरांवर मोठा ग्रंथ लिहिताहेत आणि त्यांना नेमका डहाणूकडचा पुरावा हवा आहे. मास्तरांनी गणूला सांगितलं, "काढ." खाडीत आणखी एक दगड सापडल्याचं पत्र पुण्याला जाताच निगुडकर धावत आले. या खेपेला कॅमेरा होता, टेप होती. त्यांनी फोटो काढले, भोकाचं माप बाहेरून घेतलं. मास्तर लांब उभे राहून फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोट आत गेलं नाही.

लेख आला. त्याच्या तळटिपेत होतं, 'श्री. दशरथ चुरी यांना पूर्वी मिळालेला दगडही नांगराचाच होय. त्या वेळी मी घाई केली.' पाठोपाठ एका संग्रहालयाचं पत्र आलं. तुमचा पहिला दगड तुमच्या नावाच्या पाटीसह मांडू इच्छितो, कळवावे.

अहिल्याबाई म्हणाल्या, "मिळालं ना सगळं? आता ट्रंकेतला तो कागद चुलीत घाला."

"माझं खरं त्यानं मानलं ते माझ्या खोट्यावर भाळून," मास्तर म्हणाले. "आणि म्हैस? दहा वर्षं मी वागवली. आता त्यानं वागवायची."

कागद त्रैमासिकाकडे गेला, सोबत एक ओळ: कोणीही जाऊन भोकात बोट घालून पाहावे. निगुडकर असे तोंडघशी पडले की त्यांच्या कॉलेजात फळ्यावर रोज म्हैस दिसू लागली. ग्रंथ छापखान्यातून परत आला. मास्तरांनी तो अंक तिकीटबाबूला स्वतः वाचून दाखवला. महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं.

मग संग्रहालयाचं कार्ड आलं. डहाणूकडील कोणताही दगड यापुढे स्वीकारला जाणार नाही. मास्तरांनी सात पत्रं लिहिली, पहिला दगड खरा आहे हो, म्हणून. पण आपण दगड घडवतो हे त्यांनी स्वतःच छापून कबूल केलं होतं. सातांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढल्या वर्षी गणूच्या होडीचा नांगर गेला. तेव्हा गणू मास्तरांच्या अंगणात आला. "पडलाच हाय तं द्या," म्हणाला, आणि सवयीने त्याने भोकात बोट फिरवलं. मास्तर बघत राहिले. मग त्यांनीही हात घातला. आत एका बाजूला दगड खोलगट झिजला होता, मनगटाएवढ्या दोराच्या मापाने, अगदी गुळगुळीत.

"म्हशीच्या दाव्यानं असा नाय झिजत," गणू म्हणाला.

"तुला हे कधी कळलं?"

"आनला तवाच. म्हणून तं तुमच्याकडं आनला. बोट घातला तं कळतो, म्हणून सांगितलाबी होता तुमाला."

दगड इतकी वर्षं अंगणातच होता. किनाऱ्यावरून त्या दिवशी मास्तर घरी आले असते, तर हात घालायला दोन पावलं पुरली असती. ते मसोलीला गेले होते.

"घेऊन जा," मास्तर म्हणाले, आणि दगड गाडीत चढवायला त्यांनी स्वतः हात लावला.