तिसरा ठोका

एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हातातलं स्टीलचं कडं ती बसच्या दांड्यावर वाजवायची आणि ड्रायव्हर मागे न बघता ऐकायचा. तिसरा ठोका क्वचितच पडायचा. तीन म्हणजे दार उघडायचं नाही.

देवळाली कॅम्पहून शालिमारला जाणाऱ्या आमच्या सकाळच्या सिटी बसची ती कंडक्टर. सगळे तिला ताई म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. मी कोणालाच काही विचारत नसे. कानात इअरफोन घालून बसायचे, गाणं बहुतेक वेळा लावलेलंच नसायचं.

"बॅगा पोटाशी घ्या, मंडळी. पाठीला डोळे नाय आपल्याला," हे तिचं रोजचं वाक्य. तिच्या पाठीला मात्र ते असावेत.

एकदा एका जवानाच्या बायकोची पर्स गेली. तीन ठोके पडले, दार बंदच राहिलं. तिने कोणाची झडती घेतली नाही. "मी पुढं तोंड करून उभी राहते. पर्स पडली असंल तर पायानं सरकवा," एवढंच म्हणाली. थोड्या वेळात पर्स सीटखालून बाहेर आली. चोर कोण ते कळलं का, असं एका आजोबांनी विचारलं.

"कळलं. त्यालाबी कळलं."

बस हसली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

त्याच सुमारास नाशिक रोडला एक माणूस चढू लागला. जागा असतानाही तो मला चिकटून उभा राहायचा. घरी सांगितलं असतं तर नोकरीच सोडायला लावली असती. म्हणून मी द्वारकेलाच उतरून पुढे चालत जाऊ लागले.

एका सकाळी तिकीट देताना ती खाली वाकली. "तिकीट शालिमारचं काढती अन् उतरती द्वारकेला. आठ दिवस झाले. कोणाला चुकवती?"

एवढ्या गर्दीत तिने माझं तिकीट लक्षात ठेवलं होतं. मी इअरफोनची वायर बोटाला गुंडाळू लागले.

"राहू दे. तोंडानं नाय जमलं तर दांड्यावर वाजव. तीन. बाकीचं माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्याचा हात माझ्या कमरेला लागला. मी घराच्या किल्लीने तीनदा वाजवलं, इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही. मागच्या दाराकडून कड्याचे तीन ठोके खणखणीत आले. द्वारकेला दार उघडलं नाही, बस सरळ पोलीस चौकीवर गेली. लोक उशिरावरून कुरकुरले, तेव्हा ती म्हणाली, "शिव्या मला द्या. पोरीला नाय."

चौकीत मी बोलले. सगळं, एका दमात. ती शेजारी उभी होती, माझी बॅग स्वतःच्या पोटाशी धरून.

आता ती आमच्या बसला नसते. कोणी म्हणतं रूट बदलला, कोणी म्हणतं कळवणला गावी गेली. नवा कंडक्टर तिकिटाच्या मशीनमधून मान वर काढत नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी खिडकीशी अंग चोरून बसली होती. शेजारचा माणूस सरकत सरकत तिच्यावर रेलला होता. तसा चेहरा मला पाठ होता. तुम्हीही बसने जात असाल तर तुम्हालाही असेल.

मी किल्ली काढली. या वेळी जोरात वाजवलं.

ड्रायव्हर तोच होता. द्वारका आलं. दार उघडलं नाही.