न मळलेले शर्ट

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की मनातूनही गेली. बडोद्याच्या फतेगंज भागातल्या त्या बंगल्याचं तेवढं अजून जात नाही.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती. आमचा इस्त्रीवाला माझा युनिफॉर्म देऊनही गेला नाही, दाराशीच रेंगाळला. मूळचा खानदेशातला, पण सगळी हयात बडोद्यात गेलेली.

"साहेब, बंगल्यातल्या गोऱ्या साहेबांचा शर्ट रोज माझ्याकडे धुवायला अन् इस्त्रीला येतो. पण तीन आठवडे झाले, एकही मळलेला नाही. कॉलर साफ, बाही साफ."

"बरंय की, तुझी मेहनत वाचली."

"एवढ्या गरमीत माणूस शर्ट घालेल ने घाम नाही येणार? कुछ बरोबर नथी, साहेब."

आधी मला हसू आलं. पण माणसाचं अंग धोबी आणि इस्त्रीवाला जेवढं ओळखतात तेवढं घरचेही ओळखत नाहीत, हा माझा अनुभव. स्टेशन डायरीत नोंद केली.

बंगल्यात एक श्रीमंत ब्रिटिश उद्योगपती आणि त्यांची पन्नाशीची मुलगी राहत. शहराबाहेर वाघोडियाला त्यांचा कारखाना होता, तो तीच चालवायची. मुलगा लंडनला. भावाबहिणीचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य, कारण त्याला कारखाना मोडीत काढून विकायचा होता. म्हातारे चाकाच्या खुर्चीला खिळलेले, तरी सही त्यांचीच चाले. संध्याकाळी ते वरच्या खिडकीत बसलेले दिसत आणि येणारे-जाणारे त्यांना हात करत. गेल्याच आठवड्यात जीपमधून मीही केला होता.

विदेशी नागरिकांची कागदपत्रं तपासायची सबब काढून, एका महिला हवालदाराला घेऊन मी भरदुपारी गेलो.

"पप्पा आराम करे छे," मुलगी म्हणाली. तिचं गुजराती इथल्या कुणाहीसारखं होतं.

"लांबूनच बघून जातो," मी म्हणालो. ती निमूट जिना चढू लागली. नोकरांना वर यायची बंदी होती, हे मला नंतर कळलं.

खोली लख्ख होती. खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची, त्यात कडक पांढरा शर्ट आणि वर टोपी. तिने वाकून कॉलर सारखी केली. "पप्पा, पोलीस आव्या छे," ती हळूच म्हणाली. मी पुढे होऊन पाहिलं. शर्टाच्या आत उशा होत्या. टोपीखालीही उशीच होती. हवालदारबाई जिन्यापर्यंत मागे गेल्या होत्या.

खोटं बोलणारा माणूस जबाबात फार बोलतो. ही मोजकंच बोलली. वडील झोपेतच गेले. मृत्युपत्राप्रमाणे कारखाना भावाकडे जाणार आणि तो बंद करणार, म्हणून तिने मृत्यू लपवला. माळ्याने आंब्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तिने एकटीने त्यांना पुरलं, वर रोप लावलं, आणि कागदांवर त्यांच्या सह्या करत राहिली. दंडाधिकाऱ्यांसमोर मृतदेह बाहेर काढला. शवविच्छेदनात घातपात निघाला नाही.

एक गोष्ट मला छळत होती. "लोकांना दाखवायला एक शर्ट पुरला असता. तो रोज का बदललात?"

"कालनो शर्ट पप्पाने नथी गमतो," ती म्हणाली. पप्पांना कालचा शर्ट आवडत नाही, एवढंच. काय वेडगळ प्रश्न विचारतोस, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी भाऊ आला. फसवणुकीची फिर्याद त्याचीच. जबाब देताना त्याने दोनदा विचारलं, "मृत्यूची नेमकी तारीख कोणती?" त्या तारखेनंतरचे कागद रद्द होणार होते. वडील कसे गेले, हे मात्र त्याने विचारलं नाही. वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप लागलं.

या प्रकरणाने मला माझ्या कामाची हद्द दाखवली. गुन्हा कुणी केला एवढंच पोलिसाने ठरवायचं. माणूस म्हणून चांगलं कोण, हे ठरवायला आपल्याला कुणी नेमलेलं नसतं. मुलगी आरोपी, मुलगा फिर्यादी, असंच मी नोंदवलं आणि ते बरोबरच होतं. फिर्यादीला चहा विचारायची आमच्या ठाण्याची रीत होती. भाऊ जबाबाला आला त्या दिवशी मी विचारला नाही.