अडलेलं बजेट आणि आमच्या ताई

१९९६ सालच्या मार्चमध्ये जपानच्या संसदेत विरोधी पक्षाचे खासदार कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसले आणि देशाचं बजेट अडलं. नेमक्या त्याच दिवसांत महाराष्ट्रातल्या आमदारांचं एक शिष्टमंडळ तोक्योला आलं. त्यांची दुभाषी मी होते.

आम्ही तेव्हा त्सुकुबाला राहत होतो. नवरा तिथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत होता. मी पुण्यात जपानी शिकले होते, वरच्या परीक्षा दिल्या होत्या, पण त्सुकुबात माझं सगळं जपानी कचरा वेगळा करण्याचे नियम समजून घेण्यात आणि एका बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात डबे भरताना मालकिणीशी गप्पा मारण्यात खर्ची पडत होतं. म्हणून एका प्रवासी कंपनीतून फोन आला, की मराठीतून जपानीत बोलणारं कुणी हवंय, तेव्हा पलीकडच्या बाईंचं वाक्य संपायच्या आत मी होकार दिला.

"संसदेतली भाषा जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"जमेल," मी म्हटलं. तोपर्यंत ती मला येत नव्हती. पण आठवडा हातात होता, आणि आठवड्यात ती येईल याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी रोज दोन वर्तमानपत्रं आणून शब्द पाठ करायला लागले.

भांडण कळायला अवघड नव्हतं. घरांसाठी कर्ज देणाऱ्या काही कंपन्या बुडाल्या होत्या आणि त्यांनी पाडलेला खड्डा बुजवायला सरकारने बजेटमध्ये जनतेचा पैसा घातला होता. विरोधक म्हणत होते, आधी ती रक्कम काढा. सरकार म्हणत होतं, काढली तर बँका कोसळतील. मग विरोधकांनी बजेट समितीच्या खोलीचं दारच अडवलं. खोलीत बैठक नाही, तर मतदान नाही. मतदान नाही, तर बजेट नाही. आणि जपानचं सरकारी वर्षही आपल्यासारखंच एक एप्रिलला सुरू होतं.

शिष्टमंडळाच्या प्रमुख एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागले. साठीच्या, सांगलीकडच्या, आधी जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, मग आमदार. नारायणपेठी साडी, त्यावर लोकरीचा लांब कोट आणि पायात खेळाडूंचे पांढरे बूट. हॉटेलच्या लॉबीत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरी, कुठली तू?"

"पुण्याची."

"मग घोळ न घालता बोलशील. बरं झालं."

बसमध्ये आमच्याबरोबर शिष्टाचार सांभाळणारा एक जपानी अधिकारी होता. अतिशय नीटनेटका, अतिशय काळजीत. त्याने जाहीर केलं, की सध्याच्या परिस्थितीमुळे संसदेची भेट रद्द झाली आहे. त्याऐवजी पाहुण्यांना इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात नेण्यात येईल. मागच्या बाकांवर बरीच खुशी पसरली. ताई मात्र वळून माझ्याकडे बघत होत्या.

"परिस्थिती म्हणजे ते लोक खाली बसलेत, तीच ना? त्यांना सांग, आम्ही तेच बघायला आलोय. कॅमेरे काय, मुंबईतही मिळतात."

मी सांगितलं. अधिकाऱ्याने दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "चोत्तो..."

"काय म्हणाला?" ताईंनी विचारलं.

"'जरा' म्हणाला. म्हणजे नाही म्हणाला."

"एवढंसंच? मग त्यांना सांग, आमच्याकडे एवढ्याशा 'नाही'ला 'हो'च समजतात."

हेही मी सांगितलं, फक्त क्रियापदांना आदराची पुरेपूर झालर लावून. अधिकारी आधी गोंधळला, मग हसला, आणि पुढच्या सिग्नलला बस थांबवून एका पब्लिक फोनवर गेला. आमचे यजमान सत्ताधारी पक्षाचे एक जुने खासदार होते. त्यांनी म्हणे स्वतःच फोन घेतला आणि सांगितलं, या.

खासदारांचं ऑफिस लहान होतं. आम्ही सगळे त्यात मावेनाच, तेव्हा ताई, आणखी दोघं आमदार, अधिकारी आणि मी एवढेच आत गेलो. हिरवा चहा आला. ताईंनी औपचारिक प्रश्नांनी सुरुवात केली नाही.

"मार्च सरत आला. एक तारखेपासून पगार कसे करणार? दवाखाने कसे चालवणार?"

खासदार म्हणाले, त्यासाठी आम्ही वेगळं मंजूर करून घेऊ, आणि त्यांनी त्याचं जपानी नाव सांगितलं. मला ते वर्तमानपत्रामुळे ठाऊक होतं, पण मराठी शब्द? मी म्हटलं, "तात्पुरतं अंदाजपत्रक. वर्षाचं मंजूर होईपर्यंत रोजच्या खर्चापुरतं."

"लेखानुदान म्हण की सरळ!" ताई म्हणाल्या. "आम्ही दर निवडणुकीच्या वर्षी करतो."

मला तो शब्द इतका आवडला, की मी तो तिथल्या तिथे दोनदा तोंडात घोळवला. मग मी खासदारांना सांगितलं, की यांच्याकडेही हीच व्यवस्था आहे आणि तिला खास शब्द आहे. त्यानंतर दोघांचं बोलणं एकदम मोकळं झालं. एकाच धंद्यातली माणसं भेटल्यावर होतं तसं.

मग ताईंनी कप खाली ठेवला.

"साहेब, कर्ज बुडवणारे वेगळे आणि भरणारे वेगळे. तुमच्या गावातली एखादी म्हातारी विचारत असेल ना, की मी का भरू? तिला तुम्ही काय सांगता?"

मी तोंड उघडायच्या आत अधिकारी माझ्याकडे झुकला आणि जपानीत हळूच म्हणाला, "हा प्रश्न थोडा मऊ करून सांगाल का?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं सुरळीत हवं होतं. पण दुभाषीचं काम काय असतं हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मी तितक्याच हळू आवाजात म्हटलं, "मऊ केला तर तो त्यांचा प्रश्न राहणार नाही." आणि खासदारांकडे वळून मी तो जसाच्या तसा विचारला. भाषा अत्यंत अदबीची. म्हातारी मात्र तशीच उभी केली, पैसे का भरू असं विचारणारी.

खासदारांनी चष्मा काढून पुसला.

"दर शनिवारी मी गावी जातो," ते म्हणाले. "अशा एक नाही, पुष्कळ बायका आहेत. मी मान खाली घालतो आणि ऐकून घेतो. उत्तर अजून सापडलेलं नाही. पैसा काढून टाकला तर बँका बुडतील असं मला खरंच वाटतं. पण हे त्या बाईंना पटेल असं सांगता येत नाही."

ताईंनी मान डोलावली. त्यांना खरं उत्तर मिळालं होतं, आणि मला वाटतं, ते दिल्यामुळे खासदारांनाही हलकं वाटलं असावं.

"माझ्या जिल्हा परिषदेत असंच अडलं होतं एकदा," ताई म्हणाल्या. "नळयोजनेची एक रक्कम होती. विरोधक म्हणे, काढा. आमची माणसं म्हणे, काढली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. मी रक्कम तशीच ठेवली, आणि खाली एक ओळ घातली, की दोन्ही बाजूंची समिती तपासेल आणि तोवर एक पैसा उचलायचा नाही. दोघंही आपापल्या गावी जाऊन म्हणाले, आम्ही जिंकलो. पाणी पण आलं."

खासदार खळखळून हसले. मग स्वतःच उठून म्हणाले, चला, तुम्हाला दाखवतो.

संसदेच्या मुख्य इमारतीत तो कॉरिडॉर होता. लाल गालिचा, दोन्ही बाजूंना गडद लाकूड, आणि खाली रांगेने सूट घातलेली माणसं बसलेली, काहींच्या मांडीवर फायली, काही पेंगत होती. आमचे यजमान अलीकडेच थांबले, पुढे जाणं त्यांना शोभलं नसतं. ताई पुढे गेल्या. काठावरच्या एका पांढऱ्या केसांच्या विरोधी खासदारांनी चकित होऊन आपली उशी सरकवली, आणि ताई नारायणपेठी सावरत त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्या. मीही बसले. अधिकारी उभाच राहिला, भिंतीकडे बघत.

"जेवणाचं काय करता?" ताईंनी विचारलं.

"बेन्तो येतो. रोज तोच. आता कंटाळा आलाय."

"मीही पुष्कळदा धरणं धरलंय. बसणं सोपं असतं. उठायचं कसं, ते ठरवलंय का?"

हे सांगताना मला जपानीत एकही शब्द शोधावा लागला नाही. त्या गृहस्थांनी यजमानांच्या दिशेने पाहिलं, मग गालिच्याकडे.

"हात द्यायला कुणीतरी लागतं," ते म्हणाले. "नाहीतर उठता येत नाही."

उठताना ताईंनी त्यांच्यापुढे हात केला, आणि ते गृहस्थ आधार देण्यासाठी स्वतःच अर्धे उठले. आजूबाजूचे हसले.

शिष्टमंडळ परत गेलं. कॉरिडॉरमधली माणसं काही दिवसांनी उठली, लेखानुदान झालं, आणि एप्रिलमध्ये खालच्या सभागृहाने बजेट मंजूर केलं. ती रक्कम बजेटमध्ये तशीच राहिली, पण एक ओळ जोडली होती, की आवश्यक ती व्यवस्था लागल्यावरच तिला हात लावायचा. मी ही बातमी नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचली.

"तुझ्या ताईंनी केलं की काय?" नवरा म्हणाला.

"छे. गाठ अशीच सुटते. ताईंना ते आधीपासून ठाऊक होतं, एवढंच."

त्याचा स्वतःचा त्यात जीव अडकला होता. लेखानुदानात संस्थेची वीज आणि पगार चालू राहिले, पण नव्या यंत्राची खरेदी थांबलेली. मे महिन्यात वरच्या सभागृहाचंही काम संपलं, तेव्हा खरेदीला वाट मोकळी झाली, आणि तो पोरासारखा सायकल दामटत घरी सांगायला आला.

त्याच सुमारास प्रवासी कंपनीतून पुन्हा फोन आला. यजमान खासदारांच्या ऑफिसने विचारणा केली होती, की भारतातून कुणी आलं तर तीच दुभाषी मिळेल का. शिफारस त्या अधिकाऱ्याची होती, हे ऐकून मी खुर्चीत बसले. मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. छापखान्यातल्या माणसाने 'मराठी' हा शब्द दोनदा विचारला, म्हणून मी त्याच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई दाखवली आणि म्हटलं, इथून आत, बराच आत.

बेन्तोच्या दुकानात नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले, तेव्हा मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "संसदेत बोलणारी बाई आमच्याकडे कोरोक्के तळत होती, आणि आम्हाला पत्ताच नाही!" त्यांनी मला बटाट्याच्या त्या गरम कोरोक्क्यांची पिशवी बांधून दिली.

पुढचं काम एका साखर कारखान्याच्या संचालकांचं होतं. त्या वेळी माझं मानधन किती, ते त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं.