फुली मारलेली लिंक

अकोल्याच्या एका पार्ट्सवाल्याने मला फसवलं. माझंच भंगार त्याने नवा माल म्हणून मला विकलं, आणि मी ते स्वतःच्या हाताने रामराव सरोदेकाकांच्या गाडीला बसवलं.

हे कळलं तेव्हा खंडेनवमीची सकाळ होती. पूजेसाठी हत्यारं धुवायला मी घमेल्यात पेट्रोल घेतलं होतं. त्यात पाने, छिन्नी, हातोडा, आणि त्यांच्यासोबत एक लिंक रॉड. कोवळ्या उन्हात पेट्रोलवर निळे-जांभळे रंग हळूहळू फिरत होते. मी बघत बसलो होतो. बघता बघता त्या रंगांत काळा धूर उतरावा तसा काळा रंग सुटायला लागला. पाने काही काळे नव्हते. मी लिंक वर काढली, चिंधीने पुसली. रंगाखाली पुट्टी होती. पुट्टी नखाने खरवडली, तिच्याखाली फुली होती. उभी रेघ लांब, आडवी तोकडी, खाली पंचचा एक ठिपका.

अशी फुली मी मारतो.

आता आधीपासून सांगतो.

मेडशीच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. पंक्चरच्या टपरीवर सुरुवात केली, पुढे वाशिमला उस्तादांच्या हाताखाली सस्पेन्शनचं काम शिकलो. मला लवकर राग येतो आणि घासाघीस केल्याशिवाय मी साधा नटसुद्धा घेत नाही. हे दोन्ही लोकांना माहीत आहे, तरी गाड्या माझ्याकडेच आणतात.

सरोदेकाका किन्हीराजाचे. एसटीतले रिटायर ड्रायव्हर. पातूरच्या घाटातून जन्मभर लोकांना अकोल्याला नेलं-आणलं. पण त्यांच्या घरच्या माणसाला, कमलकाकूंना, तो घाट बंद झाला होता. काकूंना कानाचं दुखणं आहे. गाडी वळणावर कलली की त्यांना सगळं फिरताना दिसतं, मग उलट्या, मग दोन दिवस अंथरूण. त्यांचा भाऊ घाटापलीकडे राहतो. आधी तोच यायचा. पाय मोडल्यापासून त्याचंही येणं थांबलं. बहीण-भावाने एकमेकांना पाहून कितीतरी वर्षं झाली होती.

"गजू, गाडी झुलते बाप्पा," काका म्हणाले. "मी कितीबी हळू घेतली तरी वळणावर कमरेतून वाकते."

"उंच गाडी हाय काका. झुलणारच."

"ते मले नको सांगू. उपाय सांग. दसऱ्याले हिले भावाच्या घरी न्यायचं हाय."

काकू मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, तरी डोळे मिटलेले.

"काकू, गाडी थांबली हाय," मी म्हणालो.

"माहीत हाय रे. सवय झाली."

उपाय होता. गाडीच्या पोटाखाली पुढे एक आडवा पोलादी बार असतो, दोन्ही टोकांना वाकवलेला. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. बैलाच्या मानेवरचं जू आठवा. एक बैल खाली दबला तर जू दुसऱ्यालाही ओढतं, म्हणून जोडी सोबत राहते. हा बार तसाच डाव्या-उजव्या चाकांना बांधून ठेवतो. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की बार पिळला जातो आणि तिला सरळ धरतो. बार जाड, तेवढी गाडी कमी झुलते. आणि बारचं टोक चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारी वीतभर कांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन टोकांना बोटाच्या पेरासारखे गोळ्याचे सांधे असतात. बारचा सगळा जोर त्या सांध्यांतून जातो. सांधा ढिला असेल तर बार कितीही जाड घ्या, उपयोग नाही. सांधा वळणात निसटला तर गाडी एकदम कलंडल्यासारखी होते. काकूंसारख्या माणसाचं मग काय होईल, ते सांगायला नको.

कंपनीच्या बारपेक्षा जाड बार आणि मजबूत लिंक असा किट बाहेर मिळतो. मी अकोल्याच्या त्या पार्ट्सवाल्या शेठला फोन लावला. दुपारभर घासाघीस केली. एरवी हा माणूस चहाच्या घोटाएवढा खाली येत नाही. त्या दिवशी एकदम म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, तुमी म्हनाल तसं." मी खुश झालो. मोलभावात समोरचा उतारावर सुटल्यासारखा खाली आला की आपण ब्रेक मारायचा असतो. मी मारला नाही.

किट अष्टमीच्या आदल्या दिवशी आला. बार चांगला होता, आजही सांगतो. लिंका काळ्याभोर, चकचकीत, सीलबंद खोक्यात. हाताने हलवून पाहिल्या, सांधे घट्ट लागले. जुन्या सांध्यात जाड ग्रीस कोंबलं की तो हाताला घट्ट लागतो, हेही मला माहीत होतं. पण खोक्यावर नवीन लिहिलं होतं.

अष्टमीला गाडी जॅकवर घेतली. जुना बार उतरवला, नवा चढवला, बुशला ग्रीस लावलं. बुश म्हणजे ज्या रबरात बार फिरतो ते. त्याला ग्रीस नसलं की गाडी पाळण्यासारखी करकरते. लिंकांचे नट आधी नुसते हाताने लावायचे. मग गाडी खाली, चारही चाकांवर तिचं वजन, आणि मग पाना. हवेत लटकलेल्या गाडीचे नट आवळले तर बार आधीच पिळलेला राहतो. मी सगळं नियमाने केलं, हे मुद्दाम सांगतोय.

तिसऱ्या प्रहरी ट्रायल घेतली. मी स्टेअरिंगवर, काका शेजारी, काकू मागे.

ती ट्रायल मी विसरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघत होतं. मळणीचा भुसा हवेत तरंगत होता आणि ऊन त्यात अडकून पिवळं, जाड झालं होतं. तुरी हिरव्या उभ्या, त्यांच्यामागे डोंगर धूसर, जणू कोणी ओल्या बोटाने पुसला आहे. पहिलं वळण आलं. मी नेहमीच्या वेगाने गाडी टाकली. ती झुकली नाही. नुसती फिरली. भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई वळते तशी. दुसरं वळण, तिसरं. भुशाच्या त्या सोनेरी धुक्यातून गाडी चालली आहे की आम्ही बसलो आहोत आणि शेतंच संथ बाजूला सरकत आहेत, कळेना. आरशात पाहिलं. काकूंचे डोळे उघडे होते.

काकांनीही मागे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. खिडकीबाहेर बघत राहिले.

मग नाल्यावरचा पूल आला. पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं.

"गजू," काकू म्हणाल्या, "काही वाजून राह्यलं."

"काय वाजते?"

"डाव्या अंगाले. टक करते."

मला काही ऐकू आलं नव्हतं. काकांनाही नाही. मी म्हणालो, "काकू, नवीन पार्ट हाय. बसायले येळ लागते."

"माहा एक कान गेला हाय," काकू म्हणाल्या, "दुसरा नाई गेला. इतकी वर्सं डोये मिटून गाडीत बसली बाप्पा, मले आयकूच तर येते."

"मिस्त्री तुमी का मी?"

"तूच रे बाबा. पन वाजते."

मी चिडलो. तिथूनच गाडी परत फिरवली. गाडी गॅरेजात लावली. दसऱ्याला सकाळी न्यायला या, म्हणून दोघांना ऑटोने पाठवलं. आणि 'नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो' हे वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही मिस्त्री लोक ते वाक्य कधी वापरतो, ते मला माहीत आहे. काय बिघडलं ते कळत नाही तेव्हा.

म्हणून नवमीला उठल्या उठल्या डावी लिंक सोडली आणि पान्यांसोबत पेट्रोलात टाकली. पुढचं सांगितलंच. उजवीही सोडली. तिच्यावरही फुली.

आता फुलीचं सांगतो. खराब लिंक गाडीतून काढली की मी तिच्यावर छिन्नीने फुली मारतो, नव्यात मिसळू नये म्हणून. उस्ताद सांगायचे, "खराब माल के दो टुकडे करो, फिर फेंको." मी तुकडे करत नव्हतो. भंगारवाला अख्ख्या मालाला जास्त देतो आणि मी घासाघीस करणारा माणूस. फुली पुरे आहे असं धरून चाललो होतो. ती पुट्टीने बुजवता येते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेठला फोन लावला.

"शेठ, लिंका जुन्या निघाल्या."

"नवीन माल हाय भाऊ. सीलबंद खोका देल्ला तुमाले."

"खोका नवीनच हाय. आतला माल माहा हाय."

"तुमचा कसा?"

"माही फुली हाय त्याच्यावर."

"फुली काय, कोनीबी मारते."

"रंगाच्या खाली? पुट्टीच्या खाली?"

"मले माल वरून येते. म्या काय एकेक खोका फोडून पाहू?"

"वरून म्हंजे कोठून? नाव सांगा."

"सन हाय भाऊ. कायले तापता? दसऱ्यानंतर दुसरा जोड पाठवतो. फुकट."

फुकट! मी नाव मागत होतो आणि हा मला सूट देत होता. मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही, आजपर्यंत.

तोवर माझी बायको सुनीता पूजेचं ताट घेऊन दारात आली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराला कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत ते उचलायचं नाही. टपरीच्या दिवसांपासून एकही वर्ष हे चुकलं नव्हतं. आणि काका दसऱ्याला सकाळीच येणार होते.

"धुतले का पाने?" तिने विचारलं.

"पाने पाटावर येत नाईत आज. काम हाय."

"आज? मंग पाटावर काय मांडू, तुमचं डोकस्कं?"

"ह्या दोन लिंका मांड."

तिने पेट्रोल टपकणाऱ्या लिंकांकडे पाहिलं. "ह्यायची कायची पूजा? धोका देल्ला ह्यायनं."

"ह्यायनं नाई देल्ला. ह्यायच्यावर खरं लिहून होतं."

तिने ताट खाली ठेवलं. पाटावर कापड घातलं, त्यावर दोन लिंका ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी पाना घेऊन माझ्या गाडीखाली शिरलो.

माझी गाडी काकांच्याच मॉडेलची. तिच्या लिंका मी गेल्याच महिन्यात कंपनीच्या टाकल्या होत्या, स्वतः खोका फोडून, सांधा उघडून पाहून. त्या काढल्या आणि काकांच्या गाडीला लावल्या. जाड बारला साध्या लिंका लवकर झिजतात. पण त्या प्रामाणिकपणे झिजतात, आधी आवाज करून सांगतात. संध्याकाळच्या आत गाडी चाकांवर घेऊन नट आवळले आणि तो पूल चार वेळा ओलांडला. खिडक्या बंद करून, डोळे मिटायचे तेवढे बाकी ठेवून. टक नाही.

दसऱ्याला काका-काकू आले. मी सगळं सांगितलं, फुलीसकट.

काकांचा चेहरा उतरला. "म्हंजे हे घाटात तुटलं असतं?"

"तुटलं असतं का नाई, सांगता येत नाई. भरवसा नोता."

काकू म्हणाल्या, "मी म्हनलं होतं ना."

"म्हनलं होतं काकू. तुमी मिस्त्री."

त्या हसल्या आणि मागे बसल्या. बारमुळे खड्ड्यात गाडी थोडी कडक लागेल, हे काकांना समजावून सांगितलं. गाडी फाट्यावरून वळली. सरळ, न झुकता, भुशाच्या पिवळ्या हवेत शिरली आणि दिसेनाशी झाली. माझी स्वतःची गाडी त्या सणात लिंकांशिवाय नावेसारखी डुलत होती. आसपासच्या गावी सोनं वाटायला गेलो तर सुनीता प्रत्येक वळणावर दार धरून बसली.

दुपारी काकूंचा फोन आला, भावाच्या घरून. मला वाटलं आभार मानतील. त्या म्हणाल्या, "गजू, घाटातला तो मोठा वड कवा तोडला रे?"

"रस्ता रुंद केला तवा, काकू. लई वर्सं झाली."

"मले कोनी सांगितलंच नाई," त्या म्हणाल्या. मागे त्यांच्या भावाचा आवाज येत होता, "अवं, फोन ठेव न बाई, पुरनपोळी थंडी होते."

आता खराब निघालेली प्रत्येक लिंक मी ग्राइंडरने दोन तुकडे करून फेकतो. भंगारवाला कमी देतो, देऊ दे. माझ्या चुकीचा हिशेब मी माझ्यापुरता चुकता केला.

ह्या दोन लिंका मात्र मी तोडल्या नाहीत. कुंकवासकट फळीवर ठेवल्या आहेत. शेठ, तुम्ही हे वाचत असाल. नसाल तर कोणीतरी वाचून दाखवेल. दुसरा जोड नको, सूट नको. मेडशीच्या फाट्यावर या. माझी फुली कोणी बुजवली, त्या माणसाचं नाव घेऊन या. काकूंना मी बोलावून घेतो. त्यांच्यासमोर उभं राहा आणि सांगा, त्या पुलावर टक कशाची वाजत होती.